तारीख चुकली म्हणून ब्राउझरचं कुलूपच काढून टाकलं

पाणंद (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:१०

परवा गावाहून परतलो. मनात एक गोष्ट घोळते आहे, ती सविस्तर लिहितो. तुमच्या घरातही असं काही असेल तर कृपया एकदा तपासा.

बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांचा डेस्कटॉप बारा वर्षांचा आहे आणि अजून ठीक चालतो. सकाळी पूजा आटोपली की पेन्शन जमा झालं का बघायचं, मग पेपर, मग नातवंडांचे फोटो, हा त्यांचा क्रम. मी शेजारी चहा घेऊन बसलो होतो. क्रोम उघडल्याबरोबर वर एक पट्टी आली आणि बाबांनी न वाचताच तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं.

"बाबा, काय लिहिलं होतं त्यात?"

"ते रोजच येतं रे. त्या पोराने सांगितलंय, फुली मारायची आणि पुढे जायचं."

क्रोम बंद करून पुन्हा उघडलं आणि या वेळी पट्टी वाचली. तुम्ही असमर्थित कमांड-लाइन फ्लॅग वापरत आहात, इग्नोअर-सर्टिफिकेट-एरर्स, यामुळे स्थिरता आणि सुरक्षितता धोक्यात येईल, अशा अर्थाचं वाक्य होतं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. 'टार्गेट'च्या रकान्यात क्रोम डॉट ईएक्सई संपल्यावर एक जागा सोडून, दोन आडव्या रेघांनंतर तोच शब्द लिहिलेला. म्हणजे कुठल्याही साइटचं सर्टिफिकेट (समोरची साइट खरोखर तीच आहे हे सांगणारं डिजिटल ओळखपत्र) खोटं असो, मुदत संपलेलं असो, दुसऱ्याच कोणाच्या नावाचं असो, काही न बोलता आत जाऊ दे, असा हुकूम. आणि याच खिडकीतून बाबा बँकेचा पासवर्ड टाकत होते. चार महिने.

झालं होतं असं. दिवाळीनंतर एके सकाळी प्रत्येक साइटवर "तुमचे घड्याळ मागे आहे" असं पान येऊ लागलं. गावातल्या दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं, त्याने तारीख नीट लावली, साइट उघडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो पुन्हा आला, पुन्हा तारीख लावली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच म्हटल्यावर त्याने हा इलाज केला. त्या पोरावर मला दोष ढकलायचा नाही. त्याला साइट उघडून दाखवायची होती, ती त्याने दाखवली.

खरं दुखणं मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचं होतं. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की वीज जाताच तारीख कारखान्यातल्या मूळ तारखेवर जाऊन बसते. बाबा रोज रात्री न चुकता भिंतीवरचं बटण बंद करतात, म्हणून रोज सकाळी यंत्र २०१३ सालात जागं व्हायचं. सर्टिफिकेटची मुदत ब्राउझर यंत्राच्या तारखेवरून तपासतो, म्हणून प्रत्येक साइट अडायची. त्यात विंडोजचं आपोआप वेळ जुळवणं एका मर्यादेतच चालतं. घरगुती यंत्रावर मूळ मर्यादा १५ तासांची असते, फरक वर्षांचा असेल तर ते हात लावत नाही.

मी शॉर्टकटमधला तो शब्द काढला, तारीख लावली आणि सेल मिळेपर्यंत भिंतीवरचं बटण चालू ठेवायला सांगितलं. तालुक्याला सेल मिळाला नाही, शेजारचा मुलगा मंगळवारी जिल्ह्याहून आणणार आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे: इशारा आला की तो कशाबद्दल आहे हे आधी ओळखायचं, आणि सवलत द्यावीच लागली तर एका साइटपुरती आणि एका कामापुरती द्यायची. अख्ख्या ब्राउझरचे डोळे बांधायचे नाहीत. तुमच्याकडे कुठे अशी 'तात्पुरती' सोय कायमची होऊन बसली आहे का? ती कशी काढलीत?

---

गोधडी | रविवार, रात्री ९:४८

वाचून धस्स झालं. पण एक शंका मनापासून विचारते, पाणंददादा. चार महिने काही वाईट घडलं नाही ना? साइट खरी असेल तर सर्टिफिकेट तपासलं काय, न तपासलं काय, फरक कुठे पडतो? माझी आई फक्त स्वयंपाकाच्या कृती आणि भजनं बघते. तिच्यासाठी एवढं करावं का?

---

पाणंद | रविवार, रात्री १०:३०

शंका रास्त आहे, गोधडीताई.

आपण पत्ता टाकतो तेव्हा मधे बऱ्याच जणांचे हात लागतात: घरातलं राउटर, केबलवाल्याची यंत्रणा, पुढची कंपनी. त्यातल्या कुणीही, किंवा त्यांच्या यंत्रात घुसलेल्या कुणीही, आपल्याला भलत्याच ठिकाणी नेऊ शकतं. पत्त्याच्या पट्टीत बँकेचंच नाव दिसेल, पान मात्र त्याचं असेल. समोरचा खरोखर तोच आहे हे ब्राउझरला कळण्याचा मार्ग म्हणजे सर्टिफिकेट. तो फ्लॅग लावला की ही विचारपूसच थांबते. साइट खरी आहे हे आपल्याला ज्यावरून कळायचं, तेच आपण बंद केलेलं असतं. म्हणून "काही वाईट घडलं नाही" असं मी ठामपणे म्हणूच शकत नाही. बाबांचं खातं तपासलं, ठीक आहे, तरी पासवर्ड बदलला.

एक घडलेलं उदाहरण सांगतो. नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची सर्टिफिकेट देणारी संस्था होती. २०११ मध्ये तिच्या यंत्रणेत चोर शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट बनवून घेतलं. ते इराणमधल्या लोकांची जीमेल वाचायला वापरलं गेलं. हे उघडकीस कसं आलं? इराणमधल्या एका साध्या वापरकर्त्याला क्रोमने इशारा दाखवला. तो पुढे गेला नाही, त्याने गूगलच्या मदत-मंचावर विचारलं की हे काय आहे. तिथून सगळं बाहेर पडलं आणि त्याच सप्टेंबरात ती संस्था दिवाळखोरीत निघाली. त्याच्या क्रोममध्ये बाबांच्यासारखा शब्द लिहिलेला असता तर त्याला काहीच दिसलं नसतं.

तुमच्या आईचं म्हणाल, तर त्याच ब्राउझरमध्ये त्यांचं ईमेल उघडं असेलच ना? बँकेचा पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच ईमेलवर येते.

---

तिकटणं | रविवार, रात्री ११:०५

यात आपल्या देशातलं एक उदाहरण जोडतो. २०१४ च्या जुलैमध्ये गूगलच्या पत्त्यांसाठीची अनधिकृत सर्टिफिकेट्स सापडली होती आणि ती एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, सर्टिफिकेट यंत्रणेतून निघाली होती. त्या यंत्रणेवरचा विश्वास प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या मूळ सर्टिफिकेटवर (ज्याच्या भरवशावर खालची सगळी मानली जातात) उभा होता आणि ते मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या विश्वासाच्या यादीत होतं. म्हणून विंडोजवर धोका होता. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो आणि तिच्यात ते नव्हतं, म्हणून तिथे नव्हता. काही दिवसांत ती सर्टिफिकेट्स रद्द झाली.

हे सांगण्याचं कारण, "सरकारी साइट आहे, पुढे जा" हे वाक्य मी सेवा केंद्रांत रोज ऐकतो. इशारा साइट सरकारी की खासगी बघून येत नाही. समोरचा कोण हे पटलं नाही म्हणून येतो.

---

वहीखाते | सोमवार, सकाळी ८:२०

मी कर सल्लागाराकडे काम करते. आमचं पोट या इशाऱ्यांमधूनच वाट काढण्यावर आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते.

जीएसटी पोर्टलवर डिजिटल सहीचा डोंगल लावून रिटर्न भरायचं असेल तर एमसाइनर नावाचं छोटं सॉफ्टवेअर आपल्याच यंत्रावर चालू ठेवावं लागतं. पोर्टल त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ या पोर्टवर बोलतं. ब्राउझरने त्याचं सर्टिफिकेट मानलं नाही की "सर्व्हरशी संपर्क झाला नाही" म्हणून सही अडते. मग तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडून 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर जाऊन 'पुढे जा' म्हणावं लागतं. २० तारखेला रात्री साडेदहाला हे माहीत नसेल तर रडू येतं.

पण इथे पुढे जाणं चुकीचं नाही. १२७.०.०.१ म्हणजे आपलं स्वतःचं यंत्र, बोलणं घराबाहेर जातच नाही, मधे कुणी उभं राहायला रस्ताच नाही. अशा पत्त्याला कुठलीही जाहीर संस्था सर्टिफिकेट देतही नाही, म्हणून इशारा येणारच. राउटरच्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पानाचंही बरंचसं तसंच, फक्त वायफाय आपलं स्वतःचं हवं. नवीन मुलं कामाला आली की मी हाच फरक आधी शिकवते: हा पत्ता आपल्या टेबलावरचा आहे की बाहेरचा?

आता चूक काय होते ते. आमच्या ऑफिसात जुन्या निविदा पोर्टलसाठी कुणीतरी इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन सिक्युरिटीची पातळी तळाला नेली होती, ॲक्टिव्हएक्सचं (साइटला आपल्या यंत्रावर प्रोग्रॅम चालवू देणारी जुनी सोय) सगळं 'एनेबल' केलं होतं, पॉप-अप सगळ्यांसाठी मोकळे. इंटरनेट एक्स्प्लोरर (आयई) १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, तरी त्या सेटिंग्ज विंडोजमध्ये तशाच पडून होत्या. मी शेवटी सिक्युरिटी टॅबमधलं 'सर्व झोन डिफॉल्टवर आणा' हे बटण दाबलं. भीती वाटत होती की काहीतरी बंद पडेल. एक जुनं पोर्टल तेवढं अडलं. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आयई मोड आहे: सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर, तिथे परवानगी द्यायची आणि फक्त त्या पानाचा पत्ता यादीत घालायचा. ३० दिवसांनी तो पत्ता आपोआप यादीतून जातो. लोक याला वैताग म्हणतात. मला तीच त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते, कारण आम्ही काढायला विसरतो.

पॉप-अपचंही तसंच. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करून 'साइट सेटिंग्ज'मध्ये गेलं की पॉप-अप, कॅमेरा, असुरक्षित मजकूर हे सगळं त्या एका साइटपुरतं चालू करता येतं. रिटर्न भरून झालं की तिथेच 'परवानग्या रीसेट करा' आहे.

---

सांजवात | सोमवार, सकाळी १०:०२

माझी अडचण वेगळी आहे. कॉलेजच्या वायफायवर मोबाइलवर काहीही उघडलं की "तुमचे कनेक्शन खाजगी नाही". खाली नेट-ईआरआर-सर्ट-ऑथॉरिटी-इनव्हॅलिड लिहिलेलं. घरी आलं की सगळं सुरळीत. लॅबमधले सर म्हणाले, ही फाइल फोनमध्ये टाका, सर्टिफिकेट इन्स्टॉल करा, मग येणार नाही. टाकू का?

---

तिकटणं | सोमवार, सकाळी १०:४०

ती खालची ओळ वाचलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक फक्त लाल त्रिकोण बघतात. तिच्यात 'डेट' असेल तर आधी आपलं घड्याळ बघावं, ते बरोबर असेल तर साइटची मुदत संपली आहे. 'कॉमन नेम' असेल तर सर्टिफिकेट दुसऱ्या नावाचं आहे. 'ऑथॉरिटी' असेल तर ते देणारा ब्राउझरला माहीत नाही.

तुमच्या बाबतीत एका जागी येतं आणि दुसऱ्या जागी येत नाही, म्हणजे प्रश्न साइटचा नाही, फोनचा नाही, त्या नेटवर्कचा आहे. कॉलेजचं फायरवॉल मधे उभं राहून प्रत्येक पान स्वतः उघडतं, तपासतं आणि स्वतःच्या सर्टिफिकेटने पुन्हा बंद करून तुमच्याकडे देतं. ते सर्टिफिकेट फोनमध्ये टाकलंत की इशारा जाईल, पण त्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये जे टाइप कराल ते त्या फायरवॉलला वाचता येईल. ऑफिसच्या मालकीच्या लॅपटॉपवर हे चालतं, तिथे तसा करार असतो. स्वतःच्या फोनवर मी टाकणार नाही. तिथे अभ्यासाचं लॅबच्या यंत्रावर करा आणि स्वतःचं स्वतःच्या डेटावर.

आधी टाकलेलं असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा, मग एन्क्रिप्शन आणि क्रेडेन्शियल्स, मग 'युजर क्रेडेन्शियल्स' किंवा विश्वासू सर्टिफिकेट्समधला 'युजर' टॅब बघा. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. तो टॅब सामान्य माणसाच्या फोनवर रिकामा असायला हवा.

कॉम्प्युटरवर हाच 'ऑथॉरिटी'चा इशारा प्रत्येक साइटवर येत असेल तर अँटिव्हायरस बघा. काही अँटिव्हायरस याच पद्धतीने मधे उभे राहतात. त्यातला 'एचटीटीपीएस स्कॅनिंग'चा पर्याय बंद करून बघावा, ब्राउझरला हात लावू नये. आणि लॅपटॉपबरोबर कारखान्यातून आलेलं सॉफ्टवेअरही हे करू शकतं. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर सापडलं होतं. त्याने विंडोजमध्ये स्वतःचं मूळ सर्टिफिकेट घातलेलं आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच. ज्याला ती किल्ली मिळाली त्याला कुठलीही साइट बनता येत होती.

---

सांजवात | सोमवार, सकाळी १०:५८

बघितलं. दोन होती. एक कॉलेजचं जुनं, मागच्या वर्षी कुणीतरी टाकून दिलेलं. दुसरं कसलं ते कळत नाही. दोन्ही काढली.

---

घाटमाथा | सोमवार, दुपारी १:१५

स्टेशनवरच्या, हॉटेलातल्या मोफत वायफायवर येणारा इशाराही असाच नेटवर्कमुळे असतो. तिथे आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकायचं पान उघडायला हवं, पण आपण थेट बँक किंवा मेल उघडतो. वायफायवाला आपल्याला स्वतःच्या पानावर ढकलायला बघतो आणि ब्राउझर ओरडतो. तो बरोबरच ओरडतो. लोक मात्र "वायफायला जोडायचंय ना" म्हणून पुढे जातात.

त्यापेक्षा टॅब बंद करावा आणि साधं, सर्टिफिकेट नसलेलं पान उघडावं. नेव्हरएसएसएल डॉट कॉम खास त्यासाठीच बनवलेलं आहे. ते उघडलं की लॉगिनचं पान समोर येतं, एकही इशारा ओलांडावा लागत नाही. मी फिरतीवर असतो, महिन्यातून चार-पाच वेळा हे करतो.

---

सातासमुद्रा | सोमवार, दुपारी ४:३०

मी न्यू जर्सीत, आई सांगलीत. तिच्या जुन्या फोनवर २०२४ च्या शरदात निम्म्या साइट्स इशारा द्यायला लागल्या. तारीख बरोबर, वायफाय घरचंच. मी फोनवरून तिला दोन तास सेटिंग्ज उलट्यापालट्या करायला लावल्या. ती थकून गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण नंतर समजलं. लेट्स एन्क्रिप्ट नावाची फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था आहे, जगातल्या असंख्य लहान साइट्स तिच्यावर चालतात. अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनना तिचं मूळ सर्टिफिकेट माहीतच नाही. तोवर एका जुन्या संस्थेच्या सहीवर गाडी चालत होती, ती सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्याआधी २०२१ च्या त्याच तारखेला ते जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं तेव्हा अपडेट नसलेल्या विंडोज ७ वर आणि जुन्या मॅकवरही असाच गोंधळ झाला होता.

म्हणजे काही वेळा सेटिंगमध्ये उत्तर नसतंच. यंत्राची विश्वासाची यादी शिळी झालेली असते. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ पासून पुढची मिळत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आईला मी नवा फोन घेतला. सगळ्यांना लगेच जमेल असं नाही, पण तोवर बँकेचं काम तरी त्या जुन्या फोनवर करू नये.

---

ओसरी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मी आमच्या गावच्या वाचनालयाची साइट सांभाळतो, म्हणून दुसऱ्या काठावरून लिहितो.

मागच्या वर्षी आमचं सर्टिफिकेट संपलं आणि पाच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. सभासदांचे फोन आले तेव्हा आमच्या एका कार्यकर्त्याने ग्रुपवर संदेश टाकला: "घाबरू नका, अ‍ॅडव्हान्स्डवर क्लिक करून पुढे जा." हेतू चांगला होता. पण दोनशे लोकांना, त्यातल्या बऱ्याच साठीच्या पुढच्या, आम्ही शिकवलं की इशारा आला की पुढे जायचं. तो संदेश मी मागे घ्यायला लावला आणि "साइट दोन दिवस बंद आहे, वाट बघा" असा टाकला. काहींनी नाराजी व्यक्त केली. मला तेच योग्य वाटलं.

लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेट्स ९० दिवसांची असतात, म्हणून नूतनीकरण आपोआप व्हायलाच हवं. आमचं आपोआप होत होतं, पण होस्टिंग बदलताना ते काम नव्या ठिकाणी लावायचं राहिलं. पैसे देऊन घेतलेल्यांचीही मुदत आता कमी होत चालली आहे: २०२० पासून ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ ला १०० आणि २०२९ ला ४७ दिवस असं ब्राउझरवाल्यांनी आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांनी मिळून ठरवलं आहे. वहीत तारीख लिहून दरवर्षी हाताने नवं टाकणाऱ्या संस्थांचं यापुढे निभणार नाही. शाळा, पतसंस्था, मंडळं यांच्या साइट कुणी बघत असेल तर त्यांना आत्ताच सांगा.

दुसरी चूक आमची अशी की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून पत्ता चालायचा, न लावता नावाचा इशारा यायचा. सर्टिफिकेट घेताना दोन्ही नावं द्यायची असतात. दहा मिनिटांचं काम, पण तोवर लोक वर्षभर 'पुढे जा' म्हणत होते.

---

गोधडी | सोमवार, रात्री ८:१०

ओसरी, तुमचं वाचून मला एक विचारावंसं वाटलं. इशारा आला नाही तर साइट चांगलीच, असं धरायचं का?

---

वहीखाते | सोमवार, रात्री ८:३५

अजिबात नाही, ताई. आमच्या एका ग्राहकाचे पैसे गेले त्या पानावर एकही इशारा नव्हता. सर्टिफिकेट एवढंच सांगतं की पत्त्यात जे नाव आहे त्याच्याशीच तुम्ही बोलता आहात. ते नावच चोराचं असेल तर चोराकडेही रीतसर सर्टिफिकेट असतं, फुकट मिळतं. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्र काढून टाकलं. लोक कुलूप बघून निर्धास्त होत होते.

बँकेसाठी आता एक सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ते नाव बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. पत्त्याचा शेवट तो आहे ना, एवढं आईला बघायला शिकवा.

आणि पूर्ण लाल पान आलं, 'पुढे धोकादायक साइट' असं, तर तो वेगळा इशारा आहे. तो सर्टिफिकेटचा नव्हे, सेफ ब्राउझिंगचा. ती साइट फसवणुकीची किंवा व्हायरसची म्हणून आधीच यादीत आलेली असते. त्याच्यापुढे कुठल्याही कामासाठी जायचं नाही. तारीख बघा, वायफाय बघा, हे सगळं पांढऱ्या पानासाठी. लालसाठी टॅब बंद.

---

पाणंद | बुधवार, रात्री ९:२०

सेल बसला. शेजारच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवत केलं. भिंतीचं बटण बंद, वायर काढली, कॉम्प्युटर चालू करायचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवली, झाकण उघडलं. सेलच्या कडेची पत्र्याची चाप नखाने बाजूला केली की तो टप्पकन वर येतो. जुना सेल काढताना अधिकची खूण वर होती, नवाही तसाच ठेवला. पहिल्यांदा सुरू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तारीख भरली. बाबांनी रात्री बटण बंद केलं. आज सकाळी तारीख जागेवर होती.

मग एक तपासणी केली, ती सगळ्यांनी करण्यासारखी आहे. बॅडएसएसएल डॉट कॉम ही साइट मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेट्स ठेवते. तिच्यातल्या 'एक्सपायर्ड' या पत्त्यावर बाबांना जायला सांगितलं. तिथे इशारा आला पाहिजे. पान गुपचूप उघडलं तर कुठेतरी कुणीतरी तपासणी बंद केलेली आहे असं समजावं. बाबांच्या कॉम्प्युटरवर इशारा आला. त्यांनी तो फोनवर मला अक्षर अन् अक्षर वाचून दाखवला, शाळेत धडा वाचावा तसा, आणि विचारलं, "आता फुली मारू की हे 'सुरक्षिततेकडे परत' आहे ते दाबू?"

'परत'च दाबायला सांगितलं. त्या दुरुस्तीवाल्या पोरालाही फोन करून सेलचं सांगितलं. त्याने लगेच विचारलं, दुकानात अजून तीन जणांची अशीच तक्रार आली होती, त्यांच्याकडेही मी तेच केलंय, काढून देऊ का? या आठवड्यात तो तिन्ही घरी जाणार आहे.

---

गोधडी | बुधवार, रात्री १०:०५

मी आज आईच्या लॅपटॉपवर तीच तपासणी केली. इशारा आला, म्हणजे तिथे ठीक. पण क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सुरक्षा, त्यात सुरक्षा उघडलं तर सेफ ब्राउझिंग 'संरक्षण नाही'वर होतं! कुणी केलं, कधी केलं, कळायला मार्ग नाही. 'स्टँडर्ड' केलं. आता एकच राहिलं आहे. उजव्या कोपऱ्यात सारखं येतं, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा." हा कुठला इशारा?

---

तिकटणं | बुधवार, रात्री १०:२२

हा इशाराच नाही, ताई. त्या नंबरवर आईने फोन केला नाही ना, ते आधी विचारा. खरा ब्राउझर कधीही फोन नंबर देत नाही.

भजनं शोधताना एखाद्या साइटने 'अलाउ' दाबायला लावलं असेल, तिथून ही नोटिफिकेशन्स येतात. प्रायव्हसी आणि सुरक्षा, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. 'पाठवायची परवानगी असलेल्या' यादीत जी नावं ओळखीची नाहीत ती प्रत्येकापुढचे तीन ठिपके दाबून काढून टाका. खरं तर आईला तिथून काहीच नको असेल तर वरचा पर्याय 'साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' असा करा. मग एक्स्टेन्शन्सची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरची) यादीही बघा, तिथेही पाहुणे येऊन राहिलेले असतात.

आणि फोन केला असेल, त्या माणसाने लॅपटॉप दुरून हाताळला असेल किंवा पैसे गेले असतील, तर आज रात्रीच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. उद्यावर ठेवू नका.

---

गोधडी | बुधवार, रात्री १०:५१

विचारलं. फोन केला होता, पण तिकडचा माणूस हिंदीत फार भरभर बोलायला लागला म्हणून तिने ठेवून दिला. लॅपटॉपला कुणी हात लावलेला नाही. यादीत अकरा नावं होती. सगळी काढली.